गाठीतल्या अळ्यांची मोहीम आणि तळ्यावरील गड

सौभाग्यवती हिल्माबाई कोस्केला यांची आज्ञा जाहली कीं, तळ्यावरच्या झोपडीच्या कज्ज्याविषयी गावात लोक मनास येईल ते बोलतात, तरी जे घडले ते कोणाचा मुलाहिजा न धरिता लेहून ठेवणे. ती आज्ञा मस्तकी धरोन ही हकीकत लिहिली आहे. वाचणारास हसू आले तरी आवरावे. प्रसंग बहुत गंभीर होता.

मिशिगन प्रांती, उत्तर तर्फेस, जेथे हिवाळा पाहुणा म्हणोन येतो आणि जावयासारखा मुक्काम टाकितो, तेथील तळ्यावर बर्फ धरला म्हणजे कैलासवासी विल्यो निएमी हे आपली लाकडी झोपडी घसरगाडीवरोन तळ्याच्या मध्यभागी नेत, आणि आत शेगडी पेटवीत, आणि बर्फास दोन छिद्रे पाडोन गळ टाकोन बसत. दुसऱ्या छिद्रापाशी त्यांचे जावई, म्हणजे कन्या हिल्माबाईंचे यजमान, रेनो कोस्केला बसत. सासरे-जावई दिवसचा दिवस एक शब्द बोलत नसत, आणि यासच तेथे स्नेह म्हणतात. मग विल्योसाहेबांचा काळ समीप आला तेव्हां त्यांनी फर्माविले कीं, झोपडीवर मुलगा आर्वो आणि जावई रेनो दोघांचा दावा. तरी पुढील हिवाळ्यात दोघांनी झोपडीतच एक दिवस मासे धरावे, ज्याचे मासे वजनी भारी त्याची झोपडी. आमिष दुकानचे चालणार नाही, ज्याने त्याने आपल्या हाताने जमविलेले, गोल्डनरॉडच्या गाठीतलेच पाहिजे. इतके बोलोन त्यांनी कॉफी मागितली आणि देह ठेविला.

आर्वो निएमी यांची मसलत ऐसी कीं, झोपडी जिंकोन परसात न्यावी आणि तीत कोंबड्या ठेवाव्या. हे वर्तमान रेनोसाहेबांस कळताच त्यांचे जेवण तुटले. सासऱ्याच्या आसनावर कोंबडी बसणार, आणि आपणास हिवाळाभर बसावयास उभ्या मुलखात जागा राहणार नाही, हे त्यांच्या काळजास लागले.

आता त्या गाठीचा मजकूर. गोल्डनरॉड म्हणजे माळावरचे पिवळ्या तुऱ्याचे तण. ठिपकेदार पंखांची एक माशी त्याच्या दांड्यात अंडे घालिते, आणि अळी निघोन आत शिरते, आणि झाड बापडे तिच्याभोवती सुपारीएवढा गोल कोट बांधोन देते. अळी त्या कोटात खाऊन-पिऊन राहते, थंडीपूर्वी बाहेर पडावयाची वाट खोदोन दाराशी नुसता पापुद्रा ठेविते, आणि मग गोठोन दगड होते, तरी मरत नाही. ऐसी किल्लेबंदी मोठमोठ्या सरदारांस साधली नाही. त्या अळीवर तळ्यातील पट्टेरी पर्च मासे जीव टाकितात.

मग पाने गळताच दोन्ही फौजा माळावर उतरल्या आणि एकही गाठ न ठेविता सारा मुलूख लुटिला. रेनोसाहेबांनी आपली रसद बादलीत भरोन ओसरीवर थंडीत ठेविली. तो सुतारपक्षी नामे गनीम येऊन, गाठी फोडोन, अळ्या भक्षून जाऊ लागला. रेनोसाहेब झाडू घेऊन धावले. पक्षी छपरावर बसोन त्यांजकडे पाहात राहिला. तेव्हां साहेबांनी तजवीज केली कीं, तळघरातील सौन्याइतकी बळकट जागा दुसरी नाही, बादली तेथे ठेवावी. सौना म्हणजे वाफेने अंग शेकावयाची खोली; त्या प्रांतीच्या लोकांचे देवघर, न्हाणीघर आणि वैद्य तिन्ही तेच, आणि जे मोलाचे ते सौन्यात सुरक्षित असा त्यांचा पिढीजात इतबार. आणि इतबाराच्या भरात हे ध्यानी आले नाही कीं, तेथे शनिवारी-शनिवारी आग पेटते आणि एरवीही ऊब हटत नाही.

अळ्यांस वाटले वसंत आला.

लढाईच्या दिवशी सकाळी साहेबांनी बादलीचे झाकण उघडिले, तो गाठींची दारे फुटलेली, आत शुकशुकाट, आणि माश्यांची फौज जिन्यावरोन, पडद्यांवरोन, वेलदोड्याच्या पावावरोन चालत स्वयंपाकघरात दाखल जाहलेली. हिल्माबाई कॉफीचा पेला हाती घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या पेल्यात एक सरदार पोहत होता.

"रेनो, हे काय आहे?"

"आमिष."

"आमिषाला पंख फुटलेत, रेनो!"

"दिसतंय मला. त्या पडद्यावरची धर ना... नको, थांब! मलाच धरायला हवी. बाबांची अट आहे."

मग साहेबांनी गुडघ्यांवर रांगत, खुर्च्यांवर चढोन, एक एक माशी जिवंत धरोन तपकिरीच्या डबीत भरली, आणि दोन वेळा आपटोन, आणि तोंडाने वाईट बोलोन, तळ्याकडे कूच केले. हिल्माबाई पंच म्हणोन ताणकाटा घेऊन संगे निघाल्या.

आर्वोसाहेब झोपडीत आधीच तळ देऊन होते. त्यांचा एक गाल फुगलेला. त्या प्रांतीची चाल ऐसी कीं, गाठी घरीच फोडाव्या आणि अळ्या गालात धराव्या, म्हणजे त्या गोठोन कडक होत नाहीत आणि गळास नीट लागतात. आर्वोसाहेबांनी ऐटीने सारा दारूगोळा एकाच गालात भरिला होता. डबी पाहोन ते तोंड वाकडे करोन बोलिले, "दाजी, हे काय? माश्या? अक्का, हे चालणार नाही हं. अळीच पाहिजे."

हिल्माबाईंनी निवाडा दिला, "बाबा काय म्हणाले होते? गाठीतलं. या काय आभाळातून पडल्या? गाठीतूनच आल्यात, त्याही माझ्या स्वयंपाकघरात. चालेल. बसा दोघं."

मग युद्धास तोंड लागले. आर्वोसाहेब गालातून अळी काढीत, गळास लावीत, आणि मासा वर घेत. ऐसे मासे त्यांजपाशी साचत चालिले. इकडे रेनोसाहेबांची बोटे थंडीने बधिर, आणि माशी चिमटीत टिकेना. बर्फाखालच्या माशांनी भर हिवाळ्यात माशी कधी पाहिली नव्हती, ते लांबूनच विचार करीत राहिले. आर्वोसाहेब मोठ्याने म्हणाले, "दाजी, खुराड्याला कुठला रंग देऊ? तुमच्या नाकासारखा लाल?"

इतक्यात रेनोसाहेबांच्या डबीतून एक माशी निसटली आणि शेगडीच्या उबेने तरतरीत होऊन, उडावयाचा आळस म्हणोन पायीच चालत, आर्वोसाहेबांच्या बाहीवरोन, खांद्यावरोन, नाकाच्या शेंड्यावर जाऊन उभी राहिली. आर्वोसाहेब तिरळे होऊन तिजकडे पाहू लागले. "दाजी, तुमची फौज फितू..." इतके बोलले आणि हसू फुटले, आणि हसता हसता घशात काही आवाज जाहला.

"काय झालं रे?" हिल्माबाईंनी पुसिले.

"गिळलं."

"किती?"

"सगळं."

ऐसा दारूगोळा कोठारासह उडाला. आर्वोसाहेब डबीकडे सरकोन हळूच बोलिले, "दाजी, एक माशी द्या ना. एकच." रेनोसाहेबांचे मन द्रवोन हात डबीकडे गेलाही, तो हिल्माबाईंनी हुकूम केला कीं, ज्याचे आमिष त्याच्या हातचे, बाबांचा शब्द मोडणार नाही, आणि आर्वोने पोट धरोन स्वस्थ बसावे.

तळ्यात तोवर माशांची मसलत पुरी जाहली होती. एका धाडसी पर्चाने माशी चाखिली, आणि वार्ता पसरली, आणि मग तळातून रांगच लागली. सूर्य पाईनच्या झाडांआड जाण्याच्या सुमारास ताणकाटा टांगिला. आर्वोसाहेबांची रास तोलिली, मग रेनोसाहेबांची तोलिली, आणि काटा आर्वोसाहेबांच्या वजनापेक्षा एका लहानग्या पर्चाएवढा अधिक खाली उतरला. रेनोसाहेबांनी टोपी काढिली, विल्योसाहेबांच्या आसनास हात लाविला, आणि आनंदाच्या भरात म्हणाले, "हं."

फत्ते होऊन सर्व घरी परतले, तो दाराशीच हिल्माबाईंस तीन माश्या सामोऱ्या आल्या. आत तव्यावर, दिव्यावर, उशीवर ठाणी बसलेली. बाईंनी विजयी वीरास उंबऱ्यावरच थांबवोन फर्माविले, "शेवटची माशी जाईपर्यंत तू घरात यायचं नाहीस. झोपडी जिंकलीस ना? जा, राहा तिथं." आणि वीराच्या हाती घोंगडी, तवा आणि मासे देऊन दार लाविले.

दुसरे दिवशी आर्वोसाहेब लाकडांची मोळी घेऊन झोपडीवर आले आणि दुसऱ्या छिद्रापाशी गळ टाकोन बसले. दिवसभर दोघे काही बोलिले नाहीत.

येणेप्रमाणे तळ्यावरील गड रेनो कोस्केला यांजकडे वंशपरंपरा कायम जाहला, कोंबड्यांचा दावा खारीज जाहला, आणि गडाचे स्वामी गडावरच मुक्कामास राहिले, कारण दुसरीकडे त्यांस कोणी घेत नव्हते. हे खरे म्हणोन लिहिले. हिल्माबाईंनी वाचोन पाहिले आणि "बरोबर" म्हणाल्या.