सात मीटरच्या तुळजाक्का

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शिंकायचं असेल तर आधी तुळजाक्का कुठे आहेत ते बघून घ्यावं लागतं. शिंक पुरी व्हायच्या आत तळमजल्यावरून आवाज येतो, "तुम्मल कोणाचं? सात मीटर!" तुम्मल म्हणजे तमिळमध्ये शिंक, आणि सात मीटर म्हणजे माणसाने गोरिलापासून ठेवायचं अंतर.

अक्का तंजावरी मराठी. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या, आता निवृत्त. मी नाशिकची, नोकरी पेरुंगुडीला. माझं मराठी त्यांना बातम्यांसारखं वाटतं आणि त्यांचं मला माझ्या पणजीच्या तोंडचं.

एकदा टीव्हीवर त्यांनी पिल्लाला छातीशी धरलेली गोरिलीण पाहिली. "अग, डोकं कसं हातावर तोललंय बघ की! आमच्या वार्डांत नव्या आयांना हेंच शिकवतां शिकवतां माझा घसा बसत होता." झालं, युगांडाच्या डोंगरात जायचं ठरलं. अण्णा नगरच्या टूरवाल्याने गुडघ्यांची चौकशी केली, तर अक्कांनी त्याच्याच ऑफिसचा जिना दोनदा चढून दाखवला.

मग तयारी. चेन्नईत चढ शोधायचा तर फ्लायओव्हरच. म्हणून पाठीवर पोन्नी तांदळाची पिशवी बांधून अक्का आमचे चार मजले चढायच्या. तिकडच्या जंगलात अंगाची आग करणारी झुडपं असतात, त्यासाठी सलवार मोज्यांत खोचलेली, हातांत माळ्याचे हातमोजे, पायांत गमबूट. भर मे महिन्यात अशा त्या भाजीच्या गाडीवर गेल्या, तेव्हा भाजीवाला घाबरून म्हणाला, "पाट्टी," म्हणजे आजी, "कुठे पाणी भरलंय?"

गोरिला अंगावर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, नजर वर करायची नाही, पाला खात असल्याचं सोंग करायचं. याचा सराव अक्कांनी आमच्या सेक्रेटरींवर केला. पाण्याच्या टँकरवरून ते मीटिंगमध्ये कडाडले, तशा अक्का उकिडव्या बसल्या, मान खाली घातली आणि शांतपणे कढीपत्ता चघळू लागल्या. सेक्रेटरी ओशाळून गप्प झाले. "बघितलंस? लागू पडतंय," अक्का मला कुजबुजल्या.

पण खरी दहशत सर्दीची. परमिट एका दिवसाचं, भेट एका तासाची, आणि सर्दी झालेलं माणूस जंगलात सोडत नाहीत. गोरिलांना आपली सर्दी सोसत नाही. मग अक्का इतक्या जपू लागल्या की दाराशी काढायचा कोलम त्यांनी फाटकाशी नेला. ज्याचं नाक वाहतंय त्याने रांगोळीच्या पलीकडे थांबायचं. आम्ही खूप हसलो. पण त्या निघाल्या त्या दिवशी सगळी बिल्डिंग फाटकावर होती आणि सेक्रेटरींनी त्यांची बॅग स्वतः उचलली.

परत आल्यावर आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये कॉफी घेऊन बसलो. टीव्हीवर फोटो सुरू झाले. केळीच्या बागा, चिखल, धुकं, अक्कांचे गमबूट. मग जंगलात शिरणाऱ्या माणसांच्या रांगेचा पाठमोरा फोटो. पुढे काहीच नाही.

"गोरिला कुठाय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पाहिला नाहीं," अक्का म्हणाल्या. "त्याच सकाळीं गळा खवखवला. म्यां सांगून टाकलं. ते बोलले, मग तुम्ही इथंच बसा."

"ताप होता?"

"नाहीं. खोकलासुद्धां नाहीं."

"म्हणजे कुणाला कळलंच नसतं! मग सांगितलंत कशाला?"

अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नव्या नर्सकडे पाहत असतील. "त्या कळपांत तान्हं लेकरूं होतं की. गळा खवखवला तर वार्डांत म्यां कधीं पाऊल टाकलं नाहीं. तिथं कसं टाकूं?"

अक्कांनी टीव्ही बंद केला आणि कप गोळा करता करता हळूच म्हणाल्या, "आईनें कसं धरलंय, तेवढं बघायचं होतं."

इतके महिने मला वाटत होतं, अक्का स्वतःची ट्रिप जपताहेत. त्या दिवशी त्यांच्या हातातले कप घेऊन धुताना मला त्यांचा फार अभिमान वाटला. इतक्या दूर जाऊन, दारातून, स्वतःहून मागे फिरायला किती मोठं मन लागत असेल!

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर अक्का पाठीवर तांदूळ घेऊन पुन्हा जिना चढत होत्या. "सेरी, बरं तर, पुढच्या वर्षीं बघूं," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात मला शिंक आली. त्यांनी हाक मारायच्या आत मीच धावत फाटकाबाहेर गेले आणि कोलमच्या पलीकडे उभी राहिले. भाजीवाला गाडी थांबवून आत बघत होता. त्याने काही विचारलंही नव्हतं, तरी मी त्याला सांगितलं, "त्या आमच्या अक्का आहेत."