काकांचा अळणी रविवार

वामनकाका स्वतःची दाढी आठ-आठ दिवस करत नाहीत, पण दर रविवारी अंगणात पाटावर बसून डुकराच्या पायांची मात्र करतात. आधी जाळावर केस भाजायचे, मग ब्लेडनं थेट खुरांच्या बेचक्यापर्यंत घोटायचं. मी कुंपणावरून पाहिलं की म्हणतात, "काय पायून राहिला बे? तुयीबी करून देऊ काय?" अकोल्यात इतकी वर्षं त्यांचा शेजारी आहे, पण त्या ब्लेडपुढे मान द्यायची माझी छाती नाही.

दाढी काकांची आणि रांधणं काकूंचं, अशी जुनी वाटणी. मग काकू न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि अंगणातली चूल काकांकडे आली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता वॉकर धरून चालायचं. पण काकूंच्या मनात पडायची भीती अशी बसली, की त्या ओसरीतल्या खाटेवरून उठेचनात. वॉकरवर काकांचे टॉवेल वाळू लागले.

काका रांधायचे झकास. पाय मऊ शिजलेले, रस्सा बोटांना चिकटणारा. फक्त मीठ नसायचं. वाटी खाटेवर गेली की काकू करवादायच्या, "मीठ टाकाले काय झालतं तुमाले?"

"इसरलो ना व."

दर रविवारी हेच. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्याचं. तसं बोललोही. काका हळूच म्हणाले, "मंग काय करू? मी बरोबर रांधलं तं तुयी काकू चुलीपाशी येईन कायले?"

 

गेल्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पाहुण्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून या वेळी नीट मीठ घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

ओसरीतून आवाज आला, "मीठ टाकलं काय?"

"ध्यानात नाई व. येऊन चाख."

"वाटी आना इकडं."

"नाई आनत. हात खरकटे हायेत."

 मग वॉकरवरचा टॉवेल खाली पडला. काकू एकेक पाऊल टाकत ओसरीतून अंगणात उतरल्या. काका ढवळायचे थांबले, पण धरायला गेले नाहीत.

"घरी आलेल्या मानसाले अळणी खाऊ घालता? सरका तिकडं." चाखणं-बिखणं काही नाही. काकूंनी मूठभर मीठ सरळ पातेल्यात टाकलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी वाटी पुढे केली.

रस्सा तोंडात धरवेना इतका खारट. काकू म्हणाल्या, "आता मीच रांधत जाईन. तुमच्या हाताले चवच नाई."

"नाईच," काका म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाटी वाढून घेतली.