दहा भावाला द्या

"आज मी कुणाची भीड ठेवणार नाही. जिथं दुखेल तिथं बोंब मारणार!" गाडी उभी करता करता आर्विद टोलेफसनने गर्जना केली. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक बाई दोन जड पिशव्या ओढत उतरली, आणि हा सिंह "आणा इकडे, तुम्ही कशाला त्रास घेता," म्हणत पिशव्या घेऊन निघालासुद्धा.

त्याच्या बायकोने, मार्लिसने, कपाळावर हात मारला. "अरे, कंबर गेली म्हणून दाखवायला आलायस ना?"

"हलक्या होत्या गं."

चीजच्या कारखान्यात ठोकळे उचलता उचलता आर्विदच्या मणक्याने राजीनामा दिला होता. विमा कंपनीला तो मंजूर नव्हता. तो किती उचलतो, किती वाकतो, हे आज तपासणार होते. धडधाकट ठरला, की भत्ता बंद आणि सोमवारपासून पुन्हा ठोकळे.

आत गेल्यावर पिशव्यांवाली बाई म्हणाली, "मी डेनिस कपाल्डो. तपासणी माझ्याकडेच आहे. तुम्ही आणलीत ती तपासणीचीच वजनं."

डेनिस न्यू जर्सीची. तिकडे नुसती ठेच लागली तरी अख्ख्या आळीला कळते. इथला, मिनेसोटाचा माणूस शवपेटीतूनही "तसं बरंय" म्हणेल, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

"दुखणं शून्य ते दहा. तुमचं किती?"

"चालायचंच."

"आकडा सांगा."

"माझ्या भावाचा गुडघा कापलाय. दहा त्याला द्या. मला उरेल ते."

मग बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावून तिने वजनांचं खोकं पुढ्यात ठेवलं. "नको वाटलं की लगेच सांगा हं."

आर्विदने उचललं. तिने वजन वाढवलं. पुन्हा उचललं. बिचारीने एवढी मांडामांड केली, लगेच नको कसं म्हणायचं? नाकावरून घाम टपकायला लागला. नाडीचं यंत्र केकाटायला लागलं.

"थांबायचं का?"

"छे, छे. तुम्हाला घाई नसेल तर घाला अजून एक."

डेनिसने पेन खाली ठेवलं. "टोलेफसन, तुम्ही लबाडी करताय."

"मी?"

"दुखत नसताना कण्हणारे माझ्याकडे रोज येतात. तुम्ही उलटे! तोंड म्हणतं बरंय, नाडी म्हणते मेलो. मला लिहावं लागेल, या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये."

आर्विदच्या कानशिलाच्या शिरा टरारल्या. चर्चमध्ये इतकी वर्षं कॉफी वाटणाऱ्या माणसाला लबाड म्हणते?

"लबाड? मग ऐका! दुखतंय! उठताना दुखतं, खोकताना दुखतं, चर्चच्या बाकावर तर देवाचं नाव घेववत नाही! तुमच्या कंपनीला सांगा, यापुढे एक ठोकळा उचलणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं! नऊ लिहा! नऊ!"

दाराबाहेर मार्लिसने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास रे माझ्या वाघा!"

"नऊच का?" डेनिसने लिहिता लिहिता विचारलं.

"दहा भावाचे. सांगितलं ना!"

"बरं. आणखी काही सांगायचंय?"

आर्विद खाली मान घालून अगदी हळू म्हणाला,

"तुमचं लिहिणं झालं असेल तर… हे खोकं जरा हातातून घेता का? मला सरळ होता येत नाहीये."