बेचाळीस मातोश्रींची बखर

श्रीगजवदन प्रसन्न. वाग्देवी लेखणीवर राहो आणि हजेरीपट सलामत असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ वद्य पंचमी, इंदुवासर, ते दिवशी नववीच्या तुकडी 'क' चे राज्यात जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहावे ऐसा दोस्तांनी लकडा लाविला, त्यावरून लिहिले आहे. लिहिणार त्यांतलाच एक. नाव सांगत नाही, कारण आमचेही हात त्या पापात बरबटलेले आहेत.

राज्य म्हणजे दुसरे मजल्यावरील कोपऱ्याची खोली, बाक एकवीस, रयत बेचाळीस. टोपीकरांची भाषा हा या राज्याचा जुना वैरी. त्याशी आम्ही पाचवीपासून गाईडाचे आडून लढत आलो, आणि जेमतेम पास होऊन जीव वाचवीत आलो. मग आषाढमासी कालिंदीबाई सबनीस यांची इंग्रजी शिकवावयास नेमणूक जाहली, आणि बाईंनी येताच सर्व गाईडे दप्तरात घालावयास लाविली, आणि आठवड्याचे दोन तास नाटकास दिले, आणि फर्माविले की उभे राहून मोठ्याने वाचा, चुकलात तरी चालेल, पुटपुटलात तर चालणार नाही. नाटक ऐसे: समुद्रकाठी एक घर, बाप होडीवाला, लेकी दोन, आई वारलेली. थोरली लेक रोज जेवणवेळी आईचे ताट मांडते आणि बाप ते रोज मुकाट्याने उचलून ठेवितो. बापाचे काम प्रज्योत घुले यांस मिळाले. हे शेवटल्या बाकाचे सरनोबत, उंची पावणेसहा फूट आणि इंग्रजी दीड वीत. थोरल्या लेकीचे काम कस्तुरी लोणारे यांस मिळाले. गेल्या जूनमध्येच परगावाहून आलेल्या, फार अबोल, डबाही एकट्याच खात. ताट कोठून आणावे म्हणता घुले यांनी आपल्या डब्याचे झाकण दिले. मग कस्तुरीबाईंनी ते झाकण बाकावर मांडिले आणि दोन वाक्ये वाचून ढसढसा रडू लागल्या. आम्हांस वाटले, वाहवा, काय हे काम! आणि बेचाळिसांतल्या एकेचाळिसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हापासून तो तास आम्हांस जीव की प्राण जाहला. ज्यांची बोलताना जीभ अडखळे तेही होडीचे वल्हे मारावयास पुढे धावत.

ऐसे सुख चालिले असता हुजुरांचे मनात आले की परीक्षा महिन्यावर आली, नाटकाचे दोन्ही तास काढून व्याकरणास द्यावे. हुजूर म्हणजे मुख्याध्यापक त्रिंबकराव देवकुळे. माणूस दिलदार, परंतु निकालाचा तक्ता पाहिला की झोप उडे. बाईंनी अर्ज केला की तास काढण्याआधी मुलांस तरी विचारावे. हुजूर बोलिले, "बरं. नाटक शिकून काय मिळालं, यावर प्रत्येकानं इंग्रजीत एक पान लिहावं. पानं वाचून ठरवीन." म्हणजे आमच्या तासाचा जीव त्या पानांत अडकला. आणि आता आमच्या राज्याची एक वहिवाट सांगणे भाग आहे. तीस फिरता कागद म्हणतात. जो कागद पहिला पुरा होईल तो बाकाबाकाने फिरावा, ज्याने त्याने उतरून घ्यावा, आणि नाव व हजेरी क्रमांक तेवढा आपला घालावा. पाने लिहावयाचे दिवशी पहिला कागद कस्तुरीबाईंचा पुरा जाहला. त्या पाणी प्यावयास गेल्या, आणि घुले यांनी हात लांब करून कागद ओढिला, आणि त्या परत येईतो कागद चार बाक पुढे गेला होता. त्यांनी पाहिले, आणि जागी जाऊन बसल्या. कागदावर काय होते? तर माझी आई वारली आणि मी रडले नव्हते, या तासाला रडले, ऐसे होते. इतके इंग्रजी आम्हांस कळत नव्हते ऐसे नाही. परंतु उतरून घेताना वाचतो कोण?

मग पंचमीस हुजूर पानांचा गठ्ठा घेऊन स्वतः वर्गात दाखल जाहले, आणि बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. हुजूर बोलिले, "पहिलं पान वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईवेगळं लेकरू! दुसरं वाचलं, त्याचीही आई गेलेली. म्हटलं, असेल. दहाव्या पानाला चष्मा पुसला. अरे, बेचाळीस? गावात साथ आली होती का काय? घुले, ऊठ. तुझी आई कधी वारली?" घुले खाली पाहू लागले. "मघाशी अकराला डबा द्यायला आली होती ती कोण मग? माझ्याशी चांगली दहा मिनिटं बोलली. म्हणाली, आमच्या प्रज्योतकडे जरा लक्ष असू द्या!" यावर वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि हसता हसता नजर कस्तुरीबाईंकडे गेली, तो त्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. हुजूर कडाडले, "नाटकानं हेच शिकवलं? खोटं रडायला? उद्यापासून तास बंद. आणि हे मूळ पान कोणाचं ते मला आत्ता कळलं पाहिजे." कालिंदीबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. घुले यांनी मान वळवून कस्तुरीबाईंकडे पाहिले, आणि तेव्हा त्यांस उमगले, आणि मग आम्हां सर्वांस उमगले की त्या दिवशी टाळ्या कशास वाजविल्या. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे जाहले. मग घुले ताठ उभे राहून बोलिले, "सर, मीच रचलं. सगळं खोटं आहे. मनचं."

"तू? इंग्रजीत?" हुजूर बोलिले. इतक्यात कस्तुरीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "खोटं नाहीये, सर. माझं आहे ते. कुणी खोटं म्हणू नका." आणि मग सगळे सांगितले. "माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरी धाकटा भाऊ सारखा माझ्या तोंडाकडे बघतो, म्हणून रडायची सोय नाही. इथं ताट मांडलं आणि रडू आलं. वाटलं, आता सगळे हसणार. तर यांनी टाळ्या वाजवल्या. यांना ठाऊक नव्हतं, पण मला बरं वाटलं, सर. वाटलं, इथं रडलेलं चालतं. तेवढंच लिहिलं होतं." हुजूर पहिल्या बाकावर मुलांमध्येच टेकले आणि हळू बोलिले, "बस, बाळ, बस." मग बाई पुढे येऊन बोलिल्या, "सर, यांना अजून एक पान द्या. घरून लिहून आणू देत. मराठीत." हुजूर म्हणाले, "इंग्रजीच्या तासाला मराठी?" बाई म्हणाल्या, "इंग्रजीत काय दिवे लावलेत ते पाहिलंत ना!" तेव्हा हुजुरांनी मान डोलविली.

संध्याकाळी आम्ही घरी गेलो. मातोश्री गवार मोडीत बसल्या होत्या. ज्यांस आम्ही आमच्या अक्षरात, सही करून मारिले होते त्या हातीपायी धड, आणि केसात पिठाचा डाग. दारात उभे राहून बघतच राहिलो. मातोश्री बोलिल्या, "काय रे, असा काय बघतोयस? काय फोडून आलास?" आम्ही जवळ बसून गवार मोडू लागलो, आणि तेच पानावर लिहिले, दुसरे काही सुचेना. दुसरे दिवशी बेचाळीस पाने बेचाळीस तऱ्हेची गेली, आणि हुजुरांनी सर्व वाचिली, आणि निवाडा केला की एक तास व्याकरणास, एक नाटकास. निम्मे राज्य गेले, निम्मे राहिले. मग शुक्रवारी नाटकाचा तास आला, आणि घुले यांनी डबा काढिला आणि झाकण पुढे केले, तो त्यावर एक पोळी आणि बटाट्याची भाजी. "आईनं दिलीय," घुले बोलिले. "मी तिला सगळं सांगितलं. म्हणाली, मुलीपुढं रिकामं ताट ठेवतोस होय रे, गाढवा?" कस्तुरीबाईंनी ताट मांडिले, आपली वाक्ये न अडखळता म्हटली, आणि मग बाप होऊन घुले ताट उचलावयास आले, तो त्यांचा हात थांबवून त्या बसल्या आणि पोळी खाऊ लागल्या. पुस्तकात तैसे नाही. बाईंनी टोकिले नाही, आणि या खेपेस टाळी कोणीही वाजविली नाही.

एवं वर्तमान ऐसे जाहले. फिरत्या कागदाची वहिवाट मोडली ऐसे लिहावे तर ती लबाडी होईल, गणितास अद्याप चालू आहे. इंग्रजीस मात्र बंद. डबा मात्र आता शेवटल्या बाकावर सर्वांचा एकत्र सुटतो, आणि घुले यांच्या मातोश्री रोज एक पोळी जास्त घालितात.