दोन बिड्यांची मासोळी

माझं नाक चोंदलं होतं आणि मी ते सांगितलं नाही. एवढाच माझा गुन्हा. पण त्यापायी एका पोराची सोयरीक मोडता मोडता राहिली, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आज सत्तरी ओलांडल्यावर सांगते, बावन्नाव्या वर्षी बाई फार कोवळी असते. तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं. भद्रावतीच्या कॉलनीत अठ्ठावीस वर्षं गॅसवर पोळ्या लाटून आणि हळदीकुंकवाला ढोकळा नेऊन मी स्वतःला सुगरण समजत होते. हे रिटायर झाले आणि आम्ही नागभीडजवळ यांच्या गावी राहायला आलो. गावाला आपण चार गोष्टी शिकवाव्या, असा माझा बेत होता. गावानं पहिल्याच आठवड्यात मला लहानूभाऊंच्या ताब्यात दिलं.

लहानूभाऊ आमच्या घरामागच्या तलावात मासे धरत. कोणत्याही दारातून वाकल्याशिवाय आत न येणारा माणूस. नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाईच केली होती. घरी बायको, सुमनबाई, दोन्ही वेळ रांधायची. पण दुपारचं एक जेवण भाऊ तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, स्वतःच्या हातानं करत. तीन दगडसुद्धा मांडत नसत. जमिनीवर गोवऱ्या आणि काटक्या पेटवायच्या, इस्तो, म्हणजे लाल विस्तव, तयार झाला की सगळं त्यातच पुरायचं. वांगी, रताळी, पानगे, मासोळी. जेवायला कोण? जो वाटेनं जाईल तो. पोस्टमन, गुराखी, एकदा तर बस चुकलेलं अख्खं वऱ्हाड.

मी पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन गेले. पाककृती लिहून घ्यायला. कॉलनीतली सवय.

"मासोळीले काई लागत नाई," भाऊ म्हणाले. "लसूण, मिरची, सांभार वाटाचं. मीठ लावाचं. पळसाच्या पानात गुंडाळाचं, वरून तलावाची माती थापाची, आन् इस्त्यात ठेवाची."

सांभार म्हणजे कोथिंबीर, एवढं मी समजून घेतलं. "किती वेळ?"

"दोन बिड्या."

"तुम्ही बिडी ओढता?"

"छ्या! मले वास... मले नाई आवडत."

"मग?"

"माया बाप ओढे. त्याच्या दोन बिड्या."

"वडील असतात कुठं?"

"मरून वीस सालं झाली."

मी वहीत लिहिलं, 'दोन बिड्या (कै. वडिलांच्या)'. ती वही अजून आहे माझ्याकडे. नात वाचते आणि हसून लोळते.

पानगे म्हणे त्याहून सोपे. कणकेत मीठ-ओवा घालायचा, जाड चपटा गोळा दोन पानांत दाबायचा आणि राखेत सारायचा. "झाले हे कसं कळतं?" मी विचारलं. भाऊ गंभीर झाले. "झाले का मंग नाई कळत बाई. व्हाच्या आधी कळते." मी पेन बंद केलं.

पण खरी पंचाईत वासाची होती. आमच्या परसाचं फाटक पाळीवरच उघडतं. रोज साडेबाराला हाक यायची, "बाई, या वं! पाहा काय म्हणते!" मी जायची, विस्तवाशी वाकायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "छान येतोय."

"छान म्हंजे काय? छान कोन्या भाजीचं नाव आहे?"

मग मी ततपप करत सांगायची. "आधी ओल्या मातीचा येतोय. नंतर... चहापत्ती जरा करपावी तसा."

"थे पान आहे. पुढं?"

"लसूण असेल."

"असेल काऊन? आहे का नाई ते सांगा. सांभार लसणाच्या आंधी का मागून?"

भाऊ डोळे मिटून ऐकत. मध्येच मान हलवत. मी सांगून थांबले की, "अजून?" मला घामच फुटायचा. चौथीच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. मी ठरवून टाकलं होतं, हा माणूस कॉलनीतल्या बाईची फजिती करतोय. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "नको जाऊ मग." पण साडेबारा वाजले की माझे पाय आपोआप फाटकाकडे वळायचे. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

अशी वर्षभर परीक्षा दिल्यावर प्रकाशचं प्रकरण निघालं. प्रकाश म्हणजे भाऊंचा मुलगा, मुलचेऱ्याकडे शाळेत मास्तर. तिकडं वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या एका गावातली मुलगी त्याच्या मनात भरली होती. मुलगी राजी, तिची आई राजी, आणि वडील, मंडलबाबू, घर बघून ठरवणार होते. प्रकाश तोंड वाळवून आला. "बाबा, ते लोक मासोळीवरून घर ओळखतात. बिघडलं तं संपलं."

"रोहू भाजतो," भाऊ म्हणाले. "बाई आहेत न."

मला वाटलं, पाहुण्यांची ऊठबस करायला बाई आहेत.

त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. डोकं भोपळ्याएवढं, तोंडाला चव नाही. मंडलबाबू पाळीवर आले, पांढरा सदरा, हातात मिठाईची हंडी. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धुरापासून लांब त्यांना बसवलं. मातीत थापलेली रोहू इस्त्यात गेली. आणि सगळ्यांच्या देखत हाक आली, "बाई, या वं! काय म्हणते?"

मी वाकले. नाकाचा नळ बंद. सांगावं ना सरळ, भाऊ, सर्दी आहे! पण समोर पाहुणे, सुमनबाई, आमचे हे. वर्षभरानंतर आज कुठं मला चारचौघांत मान मिळत होता. मी डोळे मिटले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "माती सुटली. पान आलं. लसूण आत्ता कुठं सुरू झालाय. सांभाराला अवकाश आहे."

"ठेवू मंग?"

"ठेवा. अजून एक बिडी."

थोड्या वेळानं पुन्हा हाक, पुन्हा माझं नाटक, पुन्हा एक बिडी. तिकडून सुमनबाई ओरडल्या, "अवो, जळून तं नाई राह्यलं?"

"बाई आहेत न इथी!" भाऊ म्हणाले.

माती फोडली. पान काळं होतं, पण ते नेहमीच असतं. आत मासोळी तपकिरी, दिसायला खमंग. भाऊंनी पहिला तुकडा तोंडात टाकला. "वा! मीठ बराबर!" आणि दुसऱ्याला हात घातला.

मंडलबाबूंनी घास घेतला. चावता चावता थांबले. सुमनबाईंनी घेतला आणि पदर तोंडाला लावला. प्रकाश हळूच म्हणाला, "बाबा, कडू जहर आहे."

भाऊंचा हात हवेतच राहिला. त्यांनी मासोळीकडे पाहिलं नाही, प्रकाशकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एस्टी भलत्याच फाट्यावर उतरवून गेल्यावर माणूस पाटी शोधतो ना, तसं.

मग खाकरून म्हणाले, "आमच्याकडं सोयऱ्याले पयला घास कडूच देते. पयले कडू खाल्लं का मंग संसारात गोडच येते."

अशी कुठलीही पद्धत आमच्या गावात नव्हती. पाळीवर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"अच्छा?" मंडलबाबू म्हणाले. "सबको खाना है?"

"सबले," भाऊ म्हणाले.

"हो, जुनी पद्धत आहे," मी म्हणाले. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

मग सगळ्यांनी खाल्लं. मंडलबाबूंनी डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तसं. ह्यांनी माझ्याकडे बघत बघत. मीही खाल्लं, आणि मला काहीसुद्धा लागलं नाही. ना कडू, ना करपलेलं. नुसतं मीठ. भाऊंचाही दुसरा तुकडा मजेत चालला होता. अख्ख्या पंगतीत तोंड वाकडं न करता जेवणारे आम्ही दोघंच. माझं नाक बंद होतं म्हणून. आणि भाऊंचं?

मी घास खाली ठेवून भाऊंकडे बघत राहिले.

पुढं पानगे चांगले निघाले, वांग्याचं भरीत झालं, शेवटी मोहाची फुलं भाजून गुळात कुटलेले लाडू आले. मंडलबाबूंनी पाच खाल्ले आणि म्हणाले, "कडू के बाद मीठा, बराबर बोला दादा." सोयरीक जुळली. आता गावात कोणाचीही सोयरीक असली की पहिला घास कडू देतात, कडुनिंबाचं पान तरी. विचारलं तर म्हणतात, पूर्वापार आहे.

तीन दिवस मी फाटक उघडलं नाही. हाकही आली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच गेले. भाऊ एकटेच बसले होते, पानगा हातात घेऊन.

"भाऊ, मला सर्दी होती. वास येतच नव्हता. मी खोटं बोलले."

भाऊंनी काटकीनं राख सारखी केली. "मले चार सालं झाली," ते म्हणाले. "मोठा ताप आल्ता. उतरला तं वास आन् चव घेऊन गेला. मीठ, मिरची कळते. बाकी सारं सारखंच."

"सुमनबाईंना माहीत नाही?"

"तिले वाटते, तिच्या हातचं मी नाव न ठेवता खातो. साऱ्या गावाले सांगते. आता काय सांगू तिले?"

"मग मलाच का विचारत होता रोज? गावात एवढी माणसं आहेत."

"ते लोक नुसतं मस्त म्हणते आन् जेवाले बसते. तुमाले काईच येत नाई, म्हून तुमी सारं सांगता. लसूण, पान, माती. तुमी बोलता तवा मले पयलेचं आठवते, आन् घास उतरते."

सर्दी गेली होती, तरी नाक वाहायला लागलं. भाऊंनी हातातला पानगा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले,

"बाई, हे घरी सांगू नोका. आन् येत जा बरं. तीन दिवस झाले, मी काय खाऊन राह्यलो ते मलेच ठाऊक नाई."