मेश्राम सरांच्या वांग्यांचा निकाल

आमच्या शेजारच्या मेश्राम सरांसमोर कशालाही चांगलं म्हणायची सोय नाही. "सर, या नव्या साबणानं कपडे मस्त निघतात," असं मी म्हटलं की लगेच विचारणार, "कशाच्या तुलनेत? एखादा बिनासाबणाचा धुतला का?" एका लग्नात कोणी नवरदेव शांत आहे म्हणालं, तर सर वरण ओरपत म्हणाले, "हौ, पन त्याच्या भावाले पाह्यलं का?"

बालाघाटच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, पण प्रयोग सुटले नाहीत. यंदा त्यांनी गच्चीवर वांग्याची रोपं लावली, तीन रांगांत. एका रांगेला जिबरेलिनचा फवारा, दुसरीला ऑक्सिनचा. दोन्ही वाढीची औषधं, बाजारातून आणलेली. तिसरीला नुसतं पाणी.

सगळा मोहल्ला नादावला. वारासिवनीहून माझे सासरे आले की चहाआधी गच्चीवर. समोरच्या यादव आंटी पाण्याच्या रांगेच्या बाजूनं. "बेचारे बिना दवाई के खड़े हैं," म्हणत त्यांनी चोरून शेणाचं पाणी घातलं. सरांना कळल्यावर त्यांनी उरलेल्या दोन्ही रांगांना तेवढंच शेणपाणी घालून न्याय केला.

जिबरेलिनची रोपं भराभर उंच झाली आणि माना टाकू लागली. "पाह्य, नुसती उंची. खोडात दमच नाही," सर खुशीत म्हणाले आणि एकेकाला काडीचा आधार बांधत बसले.

"सर, हे प्रयोगात बसतं का?" मी विचारलं.

"नाही बसत."

शेवटी निकालाचा दिवस आला. रोपं उपटून वजन केल्याशिवाय तुलना पुरी होत नाही, हे सरांनीच सांगितलं होतं. आम्ही सगळे गच्चीवर जमलो. आंटींनी जिलेबी आणली. तराजू मांडला. सरांनी पहिल्या रोपाला हात घातला आणि तसेच बसून राहिले.

"काहून थांबले, सर?" सासऱ्यांनी विचारलं.

"ह्याले नवं पान येऊन राह्यलं."

"मंग उद्या करू."

"उद्या दुसऱ्याले येईन."

जिलेबी संपली, मंडळी हसत खाली गेली. मी ताटं गोळा करत मागे राहिले.

"मग निकाल, सर?"

सर तराजू पिशवीत घालत होते. "तुयी काकू गेली तेव्हापासून ह्या घरात काहीच वाढत नव्हतं, पोरी," ते म्हणाले, आणि झारी भरायला नळाकडे गेले.