चाळिसावा माणूस

इस्माईलचाचा माणसं मोजायचे. रस्त्यात, चहाच्या दुकानात, मयतीलासुद्धा. मी रेवदंड्याच्या बंदरावर बोटीची तिकिटं देणारा कारकून. त्यामुळे दर गुरुवारी माझ्या खिडकीशी स्वारी हजर. "मास्तर, आज आमचा कोन गेला?"

कारण असं, की या कोकणी मुसलमानांत जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजाला गावचे राहते चाळीस पुरुष लागतात. पाहुणा चालत नाही. चाळीस भरले नाहीत तर खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन नाही, जुमा नाही. रोजचा दुपारचा नमाज पढून घरी जायचं. कोटाच्या आतली मशीद चाचांच्या पणजोबांच्याही आधीची. तिथला जुमा आपल्या हयातीत बंद पडू नये, हा एकच ध्यास म्हाताऱ्याने घेतला होता. आणि इकडे जो तो मुंबईला पळत होता.

डोकं मात्र माझं उठायचं. एकदा अब्दुल दर्जी निघाला, तर चाचा त्याच्या ट्रंकेवरच बसले. बोटीने शिटी दिली, अब्दुल माझ्या नावाने बोंबलतोय, आणि चाचा शांतपणे मला सांगतात, "त्याला शनवारचा तिकीट द्या." एकदा तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याकडे ते स्वतः वैद्य घेऊन गेले. मला कौतुक वाटलं. मागून कळलं, वैद्यांना म्हणाले होते, "जुम्यापुरता उभा करा, मग निजू दे खुशाल."

"चाचा, मला तिकीट नाकारता येत नाही हो!" शंभरदा सांगितलं असेल. "व्हय, व्हय," म्हणायचे, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

होता होता गावात नेमके चाळीस उरले. त्या गुरुवारी चाचा आले आणि त्यांनी खिडकीतून पैसे पुढे सरकवले. "एक तिकीट द्या. मुंबई." मागे त्यांचा मुलगा दाऊद ट्रंक घेऊन उभा. विलायती जहाजावर खलाशाची नोकरी लागली होती त्याला.

मी चक्रावलो. "अहो, आणि उद्याचा जुमा?"

"तीन सालं थांबवला त्याला, मास्तर. मी त्याचा बाप हाय, कोटाचा दरवाजा न्हाय."

शुक्रवारी मशिदीत एकोणचाळीस जमले. खुतबा झाला नाही.

पुढच्या गुरुवारी चाचा पुन्हा खिडकीशी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच घाईने सांगितलं, "आज तुमचं कुणी गेलं नाही हो."

"गेल्याचं न्हाय इचारत," ते म्हणाले. "उतरला कोन?"

मुंबईहून आलेली बोट नुकती लागली होती. कधी नव्हे तो मी खिडकी लावून बाहेर आलो. दाऊद इतक्यात येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी बोट रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं उतरणारी माणसं मोजत राहिलो.